वाचनालयाची चर्चा व्हॉट्सॲपवरून स्वतःच्या सर्व्हरवर न्यायची आहे

खानापूरकर: गट १०२४ ला भरला, जुनं काही सापडत नाही. डिस्कोर्स (चर्चामंचाचं सॉफ्टवेअर) लावावं म्हणतो. सर्व्हर केवढा लागेल? आणि कुणी भलतंसलतं लिहिलं तर ॲडमिन अडकतो काय ओ?

टिळकवाडी_ताई: रॅम किमान १ जीबी, पण २ घ्या. एकच असेल तर २ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) द्या, नाहीतर अपडेट करताना सॉफ्टवेअरची नवी बांधणी मध्येच बंद पडते. खरी डोकेदुखी मेलची. सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या बऱ्याच कंपन्या मेल पाठवायचं २५ नंबरचं पोर्ट बंद ठेवतात. वेगळी मेलसेवा घेऊन ५८७ वरून पाठवा, डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच आपल्याकडूनच आला हे पटवणाऱ्या नोंदी) लावा. नाहीतर खातं सुरू करायचा मेल स्पॅममध्ये पडतो आणि लोक म्हणतात, साइटच बिघडली. स्लग, म्हणजे दुव्यात येणारं शीर्षक, सेटिंगमध्ये ‘एन्कोडेड’ ठेवा, ‘आस्की’त देवनागरी शीर्षक दुव्यातून गळतं.

निपाणीचे वकील: दादा, ५० लाख सदस्यांवरच्या कंपन्यांचे जादा नियम तुम्हाला नाहीत. पण २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव, संपर्क साइटवर हवाच. कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर मजकूर ठेवलात तर दुसऱ्याच्या मजकुराबद्दल साइटवाल्याला वाचवणारं आयटी कायद्याच्या कलम ७९ चं कवच गेलं. व्हॉट्सॲप गटाच्या नुसत्या ॲडमिनपणाबद्दल दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय. आपण कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाखाली, तेव्हा तो निकाल दाखवता येतो, बांधील नाही.

येळ्ळूरचा_पोरगा: कन्नड सूचनेचा नुसता फोटो टाकू नका. खाली मराठीत दोन ओळी टाइप करा, फोटोतली अक्षरं शोधात येत नाहीत. श्रीलिपीतल्या (युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टातल्या) जुन्या याद्याही आधी युनिकोडात बदला.