प्रतिसाद: इंदूर, दोघं मित्र, एक दिवस-रात्र

दोघं मित्र एका दिवस-रात्रीत इंदूरमध्ये काय, कधी खाऊ, असं विचारलंय ना? वर कुणीतरी संध्याकाळी सातलाच सराफ्यात (दिवसा दागिन्यांचा, रात्री खाण्याचा बाजार) जा म्हटलंय, ते नको. तेव्हा दागिन्यांची दुकानं आवरत असतात. खाण्याचा बाजार नऊनंतर भरात येतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतो. त्याआधी शेजारचा राजवाडा बघा. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४च्या आगीत बराच भाग जळाला, म्हणून आतलं काम नवं दिसतं.

गाडी सराफ्याच्या गल्लीत अजिबात घालू नका, लांब लावून चालत या. दोघांत एकच प्लेट घ्या, नाहीतर तिसऱ्या ठेल्यावरच हात टेकाल. सुरुवात भुट्ट्याच्या किसाने: किसलेला मका तुपात परतून दुधात शिजवलेला. गराडू, म्हणजे तळलेला कंद, थंडीतच मिळतो. आधी तळून ठेवलेला ढीग दिसला तर ‘फिर से तल दो’ म्हणा, वर जिरावण (इथला चटकदार मसाला) आणि लिंबू घेऊन उभ्या उभ्या संपवा. गार झाला की वातड होतो, मग लिंबू पिळूनही उपयोग नाही.

शिकंजी इथे लिंबाची नसते बरं का! आटवलेल्या दुधाची, सुकामेवा घातलेली, चांगलीच जड. ती शेवटी, तीही अर्धी-अर्धी. सकाळचे पोहे वाफेवर ठेवलेल्या परातीतलेच घ्या.