थंडीत सकाळी डिझेल गाडी उचलत नाही, पांढरा धूर येतो. ग्लो प्लग (सिलिंडर तापवणारी विजेची कांडी) की इंजेक्टर (डिझेल फवारणारा)?

द्राक्षपट्टा
निफाड तालुका. गाडी २०१३ची, १.३ लिटर कॉमन रेल डिझेल, १ लाख ४२ हजार किमी. पहाटे ५-६ अंश असतं सध्या. पहिला सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. चौथ्या-पाचव्या सेल्फला चालू होते, अर्धा मिनिट थरथरते, मागून पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास. एकदा गरम झाली की दिवसभर एका सेल्फमध्ये. बॅटरी आठ महिन्यांपूर्वीच नवीन टाकली आहे. गॅरेजवाले म्हणतात चारही इंजेक्टर उतरवून टेस्टिंगला पाठवू. तेवढ्या खर्चात पडण्याआधी घरच्या घरी काय बघता येईल? साधा मल्टीमीटर आहे.

बारा_व्होल्ट
इंजेक्टरला तूर्त हात लावू देऊ नका. तुमच्या धुरातच अर्धं उत्तर आहे. सेल्फ मारताना पांढरा धूर आणि कच्चा वास येतोय, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, फक्त जळत नाहीये. धूरच आला नसता तर डिझेल पोचत नाही असं समजून फिल्टर, पाइप, रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) या बाजूने गेलो असतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर ते पेट घेतं. थंड लोखंड ती उष्णता शोषून घेतं, म्हणून सकाळपुरता ग्लो प्लगचा आधार लागतो. चारपैकी एक गेला तर बहुतेक वेळा कळतही नाही, दोन गेले की हिवाळ्यात तुमच्यासारखी लक्षणं दिसतात. नाशिककडे एप्रिल-मेमध्ये चारही मेलेले असले तरी गाडी उचलते, त्यामुळे ते कधी गेले हे कुणाला सांगता येत नाही.

तपासणी अशी: इंजिन थंड, चावी बंद. प्लगवरच्या वायरी किंवा चारही जोडणारी पट्टी काढा. पट्टी राहिली तर चारही प्लग समांतर मोजले जातात आणि मेलेला प्लग सापडत नाही. मल्टीमीटर २०० ओहमवर ठेवा, आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून आकडा बघा. स्वस्त मीटरमध्ये ०.३-०.५ ओहम वायरींचाच असतो, तो वजा करायचा. मग एक पिन प्लगच्या टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला. वजाबाकीनंतर अर्धा ते दीड ओहम आला तर प्लग जिवंत. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली कॉइल तुटली आहे.

त्यानंतर चावी ऑन करून प्लगला येणाऱ्या वायरीवर व्होल्टेज बघा. बॅटरीच्या जवळपास, ११ च्या वर हवं. शून्य आलं तर रिले (प्लगची वीज चालू-बंद करणारा स्विच), त्याचा मोठा फ्यूज किंवा पाण्याचा टेंपरेचर सेन्सर. सेन्सर चुकून 'इंजिन गरम आहे' असं सांगत असेल तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) प्लगना वीज देतच नाही.

पानापेटी
वरच्याला जोड. काही जण प्लग काढून थेट बॅटरीला लावून लाल होतो का बघतात. तसं करण्याआधी प्लगवर छापलेलं व्होल्टेज वाचा. ११ किंवा १२ असेल तर पकडीत धरून काही सेकंद चालतं. नव्या गाड्यांतले बरेच प्लग ४.४, ५ किंवा ७ व्होल्टचे असतात, ते १२ वर लावले की जागेवर जळतात.

आणि वायरमनचा क्लॅम्प मीटर (वायरीला बाहेरून चिमटा लावून करंट मोजणारा) आणू नका. तो बहुतेक वेळा फक्त एसी मोजतो. डीसी मोजणारा मिळाला तर मात्र सोन्याहून पिवळं: एका चांगल्या प्लगला सुरुवातीला १५-२० अँपिअर जातात आणि काही सेकंदांत ८-१०वर उतरतात. हे बघायला काहीही खोलावं लागत नाही.

घाटमाथा
बॅटरी नवीन आहे म्हणून ती बाजूला ठेवू नका. ० अंशाच्या आसपास बॅटरीची ताकद साधारण वीस टक्क्यांनी घटते, त्यात गार तेल घट्ट होऊन इंजिन जड फिरतं. इंजिन हळू फिरलं की हवा नीट तापत नाही, म्हणजे तोच पांढरा धूर.

रात्रभर उभ्या गाडीवर, दार न उघडता (बोनेट आधीच उचलून ठेवा), व्होल्टेज घ्या: १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना ९.६च्या खाली जाऊ नये. चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ मिळालं तर डायनामो ठीक.

मग अर्थिंग (इंजिन-बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंतची जोडणी), जे कुणीच मोजत नाही. मीटर डीसी व्होल्टवर, एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर (क्लिपवर नाही), दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या आत असावं. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी पट्टी गंजलेली आहे. बोल्ट काढून दोन्ही बाजूंचा रंग-गंज सँडपेपरने घासा, चकचकीत धातूवर घट्ट बसवा, वरून व्हॅसलीन.

इंजिन ऑइल कुठलं आहे? मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० असताना कुणी थंडीत जास्त घट्ट होणारं २०डब्ल्यू-५० ओतलं असेल तर निफाडच्या पहाटे ते काकवीसारखं वागतं.

द्राक्षपट्टा
आज सकाळी मोजलं. पिना टेकवल्यावर ०.४. प्लग १: १.३, प्लग २: काहीच नाही, प्लग ३: १.२, प्लग ४: काहीच नाही. वायरीवर चावी ऑन केल्यावर ११.७. बॅटरी १२.५, सेल्फ मारताना ९.३. ब्लॉक ते मायनस खुंटी ०.८! तेल ५डब्ल्यू-३०च आहे.
आणखी दोन शंका. एक, डिझेल गोठतं म्हणतात, तसं तर नाही ना? दोन, तोवर एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारू का?

बारा_व्होल्ट
स्प्रे अजिबात नाही. त्यात इथर असतो. तापलेल्या ग्लो प्लगवर तो वेळेआधी भडकतो, तेव्हा पिस्टन वर येत असतो. रिंग, पिस्टन, प्लगचं टोक, काहीही फुटू शकतं. तोवर चावी ऑन, डॅशबोर्डवरचा ग्लो प्लगचा दिवा विझल्यावर आणखी चार-पाच सेकंद थांबा, चावी बंद, पुन्हा ऑन. दोनदा करून मगच सेल्फ, तोही दहा सेकंदांच्या वर नको. दोन जिवंत प्लगना तेवढी मदत होते.

डिझेलबद्दल: भारतीय मानकात हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून जायला हवं, उन्हाळी फक्त १८ अंशांपर्यंत. दिवाळीआधी भरलेली टाकी डिसेंबरात तशीच असेल तर मेण धरू शकतं. पण तेव्हा गाडी चालू होऊन पाचेक मिनिटांत ओढ सोडते किंवा बंद पडते, पांढरा धूर ओकत नाही. तुमचा प्रश्न तो नाही. (लडाखसाठी २०१९ साली उणे ३३ अंशांचं वेगळं डिझेल आलं, आपल्याला त्याची गरज नाही.) डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी मात्र काढून घ्या.

पानापेटी
दोन प्लग मेले आणि अर्थिंग ०.८ खातंय. आधी अर्थिंग करा, पैसे लागत नाहीत. तेवढ्यानेच सेल्फ जोरात फिरेल.

प्लग काढताना घाई करू नका, खरा धोका तिथेच आहे. १ लाख ४२ हजारांत ते काजळीने हेडमध्ये (सिलिंडरवरच्या इंजिनच्या भागात) धरलेले असतात, आणि मोडला तर हेड उतरवायची पाळी येते. आदल्या संध्याकाळी प्लगच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडा. सकाळी गाडी फिरवून आणा, इंजिन गरम असतानाच खोला. लांब सॉकेट, सरळ रेषेत, टॉर्क पाना (किती जोर लागतोय ते दाखवणारा) लावून: ८ मिमी आट्याचा प्लग साधारण २० न्यूटन-मीटरवर मोडतो, १० मिमीचा ३५वर. त्याच्या आत सुटला नाही तर थांबा, पुन्हा तेल, पुन्हा गरम, आणि पाव फेरा पुढे-मागे. पाना हातात 'मऊ' लागला, म्हणजे फिरतोय पण सुटत नाही, तर प्लग पिळवटतोय. तिथेच सोडून माहीतगार माणसाकडे न्या.

नवीन बसवताना आधी हाताने पूर्ण फिरवा, मग ८ मिमीला १० न्यूटन-मीटरच्या आसपास, १० मिमीला १५. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका, जास्त आवळला जातो.

घाटमाथा
दोन नाही, चारही बदला, तेही जुन्यावरचा नंबर जुळवून. उरलेले दोन त्याच वयाचे आहेत. आणि काढलेल्या प्रत्येकाचं टोक बघा, कुठला कुठल्या सिलिंडरचा हे चिकटपट्टीवर लिहून. कोरडं, काळपट टोक म्हणजे प्लग वयाने गेला. वितळलेलं, फुगलेलं किंवा तुटकं टोक असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर डिझेल गाळतोय किंवा धार वाकडी आहे. मग तो एकच इंजेक्टर टेस्टिंगला द्या, चारही नाही.

द्राक्षपट्टा
अर्थिंगची पट्टी घासून बसवली. ब्लॉक ते खुंटी ०.१, सेल्फ मारताना १०.२. दुसऱ्या सेल्फला चालू झाली, धूर आहेच. प्लगना तेल सोडलंय, उद्या खोलतो. टोकं कशी निघतात ते इथे लिहितो.