असेंब्लीसाठी मॉड्युलर वर्कबेंच घ्यायचेत, मदत हवी (अर्जंट)

कपाशी_ते_कारखाना: नमस्कार मंडळी, देवळी एमआयडीसीत आमचं छोटं असेंब्ली युनिट आहे, जुनी लाकडी टेबलं काढून अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलचे (नट-बोल्टने जोडायच्या खाचेच्या पट्ट्यांचे) अर्गोनॉमिक, म्हणजे अंगाला ताण न देणारे, वर्कबेंच टाकायचे आहेत. पुण्याहून कोटेशन आलंय, एक टेबल चाळीस हजाराच्या घरात, त्यात लाइट, सुट्या भागांचे बिन अडकवायची पट्टी, टूल टांगायचा बॅलन्सर सगळं आलं. दुपारनंतर बायांचे खांदे भरून येतात, सुपरवायझरचं रोज तेच रडगाणं. सीझन तोंडावर आहे. ४० मिमीचं प्रोफाइल घ्यावं का ४५ चं एवढंच सांगा, लवकर.

लोहाओळ: कायले चाळीस हजार देऊन रायले भाऊ. नागपूरच्या इतवारीतून चौकोनी पाइप आणा, गावातला वेल्डर टेबल उभा करून देते. माह्या गाळ्यात तसेच आहेत, वर मोटर ठेवली तरी हलत नाही.

शॉपफ्लोअर: बनवता काय ते सांगा ना आधी! बसून काम की उभ्याने? टेबलाची आत्ताची उंची किती? वस्तू टेबलावर ठेवल्यावर हात कुठे येतो?

कपाशी_ते_कारखाना: फवारणीचे पंप, बॅटरीवाले, १६ लिटरचे. उभ्यानेच करतात. टेबल नेहमीच्या उंचीचं आहे. त्याचा प्रोफाइलशी काय संबंध?

शॉपफ्लोअर: नेहमीच्या म्हणजे किती? टेप लावा.

नियमावली: उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी लागते, १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४४ त्यासाठीच होतं. प्रत्येक टेबलाशी उंच स्टूल ठेवा.

उद्योगमित्र_यवतमाळ: पीएमईजीपीतून (केंद्राच्या रोजगार निर्मिती योजनेतून) करा, ग्रामीण भागात सबसिडी चांगली आहे, जनरलला २५ टक्के, महिला असतील तर ३५.

शॉपफ्लोअर: अहो ती नवीन युनिटला असते, यांचं चालू आहे. आणि पैशाचं विचारलंच कुठे त्यांनी?

कपाशी_ते_कारखाना: ७८ सेंमी भरली.

शॉपफ्लोअर: आता ऐका. बॅटरी-मोटरचा कप्पा पंपाच्या बुडाला, म्हणजे टाकी उलटी उभी करून स्क्रू मारत असणार. टाकी अर्ध्या मीटरच्या आसपास, ७८ अधिक ५० म्हणजे हात सव्वा मीटरच्याही वर. आपल्याकडच्या साधारण १५२ सेंमी उंचीच्या बाईचं कोपर ९५ च्या आसपास येतं, म्हणजे ती दिवसभर खांद्याच्या पातळीला स्क्रूड्रायव्हर धरून उभी. चाळीस हजाराच्या टेबलावरही हेच होणार. हलकी असेंब्ली कोपराच्या ५ ते १० सेंमी खाली हवी, आणि टेबलाचा पत्रा नाही, हात जिथे चालतो ती उंची मोजायची. टाकी आडवी झोपवा, प्लायवूडचा खाचेचा पाळणा करा, बूड कामगाराकडे. मग स्क्रू समोरून मारायचा, त्याला पिस्तुलासारख्या मुठीचा ड्रायव्हर लागतो. सरळ दांड्याचा वापरला तर मनगट मोडून धरावं लागतं, खांद्याचं दुखणं मनगटात जाईल.

लोहाओळ: मी तेच म्हणून रायलो, टेबल लोखंडीच घ्या.

शॉपफ्लोअर: तुम्ही हे कधी म्हणालात?

लोहाओळ: उंची खालीवर करायची असन तर मोठ्या पाइपात लहान पाइप, भोकं पाडून बोल्ट. झालं तुमचं मॉड्युलर.

बुटीबोरीकर: असे डगडगतात हो, आमच्याकडे केले होते. बाहेरच्या पाइपला नट वेल्ड करून दाबाचा बोल्ट द्यावा लागतो, तेव्हा कुठे खेळ जातो. ४०/४५ बद्दल: साधारणपणे ४० च्या सिरीजला ८ मिमीचा खाचा आणि ४५ ला १० चा, एकाचे नट-ब्रॅकेट दुसऱ्याला बसत नाहीत. नागपुरात ज्याचे सुटे नट रोज मिळतात ते घ्या, पंपाच्या वजनाला दोन्ही पुरतात.

कपाशी_ते_कारखाना: धन्यवाद, पाळणा उद्याच करायला लावतो. पण दिवाळीनंतर याच टेबलांवर झटका मशीनचं (शेताच्या कुंपणाच्या तारेत करंट सोडणाऱ्या) काम असतं, त्याला बसून सोल्डरिंग करतात, ते कसं जमवायचं?

शॉपफ्लोअर: हे आत्ता सांगताय होय! सर्किटचं बारीक काम उलट कोपराच्या ५-१० सेंमी वर लागतं, डोळ्याजवळ. म्हणजे उंची बदलणारी टेबलं खरंच लागतील, पण सगळी नाही, सोल्डरिंगची दोन-तीनच प्रोफाइलची घ्या, बाकी लोखंडी चालतील. सोल्डरिंगच्या टेबलांवर ईएसडी मॅट (स्थिर विजेने सर्किट जळू नये म्हणून) आणि मनगटाला अर्थिंगचा पट्टा, १ मेगाओहम रेझिस्टर असलेलाच.

लोहाओळ: अर्थिंग लोखंडालेही होते.

शॉपफ्लोअर: होते हो. पावडर कोटिंग खरवडून मग.

तूरवाला: ते झटका मशीन किती तार ओढते? रोह्यांनी (नीलगाईंनी) यंदा तुरीचं पार वाटोळं केलं.

कपाशी_ते_कारखाना: किती एकर आहे? व्यनि करा.