थायरॉईडची गोळी आणि अंगाला सुटलेली खाज – तुमचे अनुभव लिहा

सुरंगी (गुहागर)
काल शेजारच्या वहिनी आल्या होत्या, हातभर चट्टे दाखवत. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी, थायरॉईड कमी पडला की हा आकडा वाढतो) 14 आला म्हणून 50 मायक्रोग्रॅमची गोळी चालू केलीय डॉक्टरांनी आणि आता दंडावर पाठीवर गांधी उठतायत, रात्री जास्त. घरातले म्हणाले गोळी उष्ण पडली, बंद कर, आणि त्यांनी बंद केली पण! मला माझंच सगळं आठवलं. धाकट्याच्या वेळी बाळंतपणानंतर मला थायरॉईड निघाला, गोळी चालू झाली आणि काही आठवड्यांत हाताच्या आतल्या बाजूला, कमरेला, जिथे साडीची गाठ बसते तिथे कंड सुटायला लागला. सासूबाई रोज आमसुलाचं पाणी लावायच्या, तेवढ्यापुरतं गार वाटायचं. शेवटी चिपळूणला डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले ह्या गोळीत जो हार्मोन आहे तो तुमचं शरीर स्वतः बनवतं तोच आहे, त्याची अ‍ॅलर्जी क्वचितच कुणाला होते, पण गोळी नुसत्या हार्मोनची नसते, त्यात रंग असतो, लॅक्टोज असतं, गोळी बांधायला काहीबाही असतं, त्यातलं एखादं सोसत नसेल. त्यांनी दुसऱ्या कंपनीची, रंग नसलेली 25 ची दिली, दोन घ्यायला सांगितल्या. माझी खाज हळूहळू गेलीच. पण सगळ्यांचं तेच असेल असं नाही म्हणून हा धागा काढलाय. वहिनींना वाचून दाखवणार आहे, तर मोकळेपणाने लिहा. आणि गोळी बंद केलेल्या कुणी असाल तर आधी डॉक्टरांना फोन करा मग बाकीचं लिहा.

आगळ
माझं उलटं. खाज आधी, गोळी नंतर. दोन्ही पिंढऱ्या सुक्या बोंबलासारख्या झाल्या होत्या, पांढरे पापुद्रे निघायचे, आणि आपल्याकडे तर पावसाळ्यात हवा इतकी दमट की कातडी कोरडी पडायचं कारणच नाही, तरी कोरडी. केस गळणं, सतत थंडी, बद्धकोष्ठ, सगळंच होतं पण मी वयावर ढकलत होते. थायरॉईड कमी असला की घाम कमी येतो, त्वचेला तेल कमी सुटतं, म्हणून खाज. मग गोळी चालू झाली, तरी खाज लगेच गेली नाही, तेव्हा मलाही वाटलं गोळीचीच आहे. पण टीएसएच जागेवर यायला वेळ लागतो आणि कातडी सुधारायला त्याहून जास्त. आंघोळ कडकडीत पाण्याने करायची बंद केली, अंग ओलं असतानाच खोबरेल तेल चोळते, टाचांना कोकमतेल. आता बरीय.
वहिनींना विचारा खाज गोळीच्या आधीपासून थोडी होती का.

पाऊसवेडी
फॉलो करतेय. मला पण आहे, संध्याकाळी लिहिते, आत्ता भाकऱ्या चालल्यात

कर्ली काठ
माझ्या आवशीचा येगळा. तिचो थायरॉईड वाढलेलो, कमी नाय. हात थरथरत, छाती धडधडता, जेवता भरपूर तरी वजन उतारला. तिका कार्बिमॅझोल चालू केल्यानी आणि थोड्याच दिवसांनी आंगभर खाज, रात्री झोप नाय, खाजवून खाजवून रक्त काढल्यान. आम्ही कुडाळाक गेलंव तर डॉक्टरांनी सांगल्यानी ह्या गोळयेन खाज येता, बऱ्याच जणांका सुरवातीक येता, अ‍ॅलर्जीची गोळी देतंय ती घेवन बघा, नायच गेली तर दुसरा औषध आसा. पण एक गोष्ट तेनी दोन-दोनदा सांगल्यानी. ताप इलो, घसो दुखाक लागलो, तोंडात फोड इले तर ती गोळी थंयच बंद आणि त्याच दिवशी रक्त तपासूचा, पांढऱ्या पेशी एकदम कमी होवक शकतत. क्वचित होता पण झाला तर मोठा असता. आवशीक तसा काय झाला नाय देवाच्या कृपेन. अ‍ॅलर्जीच्या गोळयेन खाज गेली.
म्हणान थायरॉईडची गोळी म्हणताना खयची ती आधी सांगा. कमी असलेल्यांची येगळी, वाढलेल्यांची येगळी.

सुरंगी
@कर्ली काठ बरं झालं लिहिलंस, हे मी वर लिहायला हवं होतं. वहिनींची लेव्होथायरॉक्सिन आहे, कमी असलेल्यांची. आवशीला नमस्कार सांग.

देवगडी
आमच्या काकींनी पण मे महिन्यात गोळीवर आळ घेतला होता, मनगटावर आणि ओठांच्या कडेला फोड आणि प्रचंड खाज. काकी तेव्हा रोज आंबे उतरवलेले करंड भरायला बसायच्या, देठाचा चीक हाताला, तोच हात तोंडाला. चीक भाजतो हे आपल्याला सगळ्यांना माहितीय पण गोळी नवीन चालू झाली की सगळं गोळीवर जातं. काजूच्या फॅक्टरीत बसणाऱ्या बायकांचं तर विचारूच नका, कवचाच्या तेलाने हात सोलवटतात. आमच्या इथे राखेत हात घोळवून मग काजू सोलतात, हातमोजे मिळाले तरी उकाड्यात कोण घालतं, आणि मजुरी किलोवर असल्यामुळे हात भरभर चालायला लागतात, त्यात हातमोजा आड येतो. ह्यावर खरं तर वेगळा धागा हवा.
सांगायचं ते एवढंच की खाज नक्की कुठे आहे ते बघा, जिथे हात लागतो तिथेच आहे की सगळीकडे.

शेवरा
@देवगडी ह्या वर्षी करंड कसे गेले? आमची कलमं मोहोराच्या वेळी धुक्यात सापडली

देवगडी
@शेवरा अर्ध्यावर. नंतर बोलू, इथे विषय वेगळा आहे

बकुळ
मी गरोदर होते तेव्हाचं सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. मला आधीपासून थायरॉईड, दिवस गेल्यावर डॉक्टरांनी डोस वाढवला (बहुतेकींचा वाढवावा लागतो). शेवटच्या महिन्यांत तळहात तळपायांना खाज सुटली, वर पुरळ नाही चट्टा नाही काही नाही, नुसती आतून खाज आणि रात्री वेड लागायची पाळी. सगळे म्हणाले डोस वाढवला त्याची असेल, कुणी म्हणालं बाळाला केस आहेत म्हणून, माझ्या आईलाही तेच वाटलं. माहेरी दापोलीला होते तेव्हा. तिथल्या नर्सताईंनी ऐकलं आणि म्हणाल्या आजच्या आज दाखव, ही पित्तरसाची खाज असू शकते. लिव्हरची तपासणी आणि बाईल अ‍ॅसिडची टेस्ट केली तर वाढलेलंच होतं. त्याचं बाळाला धोका असतो, म्हणून नीट लक्ष ठेवलं, गोळ्या दिल्या आणि थोडं आधी बाळंतपण केलं. लेक आता शाळेत जाते, खणखणीत आहे. त्या ताईंचे उपकार मी विसरणार नाही. गरोदरपणात तळहात तळपाय खाजले तर थायरॉईड थायरॉईड करत घरी बसू नका हो.

आगळ
@बकुळ वाचून अंगावर काटा आला. लेकीला खूप आशीर्वाद.

पाऊसवेडी
आले. माझं वेगळंच आहे. मला गांधी येतात, रोज नवीन जागी, काही तासांत जातात आणि दुसरीकडे उठतात. हे दीड दोन महिन्यांच्या वर चाललं म्हणजे जुनाट झालं असं त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्यांनीच थायरॉईड तपासला. अँटी टीपीओ वाढलेला. म्हणजे माझं शरीरच स्वतःच्या थायरॉईडशी भांडतंय, आणि ज्यांना असं असतं त्यांच्यात अंगावर पित्त उठायचं प्रमाण जास्त दिसतं. गोळी चालू व्हायच्या आधीपासून गांधी होत्या म्हणून गोळीवर आळ नाही आला नाहीतर आलाच असता. आता झोप न आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी रोज घेते, अधूनमधून उठतं पण पूर्वीसारखं नाही. मला कोळंबी सोडायला लावली होती घरच्यांनी, काही फरक पडला नाही, डॉक्टरांना विचारून परत चालू केली. कोळंबीशिवाय जगणं कठीण आहे ताईंनो.

खाडीपलीकडे
एक विचारू का, आपण एवढे मासे खातो, माशात आयोडीन असतं म्हणतात, मग आपल्याकडे घरोघरी थायरॉईड कसा? माझ्या माहेरी तिघी जणी गोळीवर आहेत

मेडिकलवाला
@खाडीपलीकडे आयोडीन कमी पडल्यामुळे होणारा थायरॉईड मिठात आयोडीन आल्यापासून खूप कमी झालाय, 2006 पासून खायचं बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदीच आहे. आता जो दिसतो तो बहुतेक पाऊसवेडी ताईंनी लिहिला तसा, शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते तो. त्याला मासे अडवू शकत नाहीत आणि तो घराण्यात चालतो, म्हणून तिघी.
आता मूळ विषय. दुकान आहे माझं, रोज ह्या गोळ्या देतो म्हणून लिहितोय. एक, कंपनी बदलली की आतला हार्मोन तोच पण बाकीचा मालमसाला वेगळा, आणि वेगवेगळ्या पॉवरच्या गोळ्यांना वेगवेगळे रंग असतात. 50 ला त्रास झाला आणि 25 ला नाही असं होऊ शकतं. खाज सुटली त्या वेळी कंपनी किंवा पॉवर बदलली होती का ते आधी बघा, जुनी बाटली टाकू नका, डॉक्टरांना दाखवा. दोन, आमच्याकडून परस्पर कंपनी बदलून नेऊ नका, बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. तीन, ही गोळी ऊन, ओल, उजेड सगळ्याला नाजूक. पावसाळ्यात चुलीजवळच्या फळीवर किंवा खिडकीत ठेवलेली असते लोकांची. झाकण घट्ट, कोरड्या कपाटात. चार, केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येतो, दोन दिवस तरी आधी बंद ठेवायला सांगतात.
आणि ओठ सुजले, डोळे सुजले, श्वास लागला तर धाग्यावर विचारत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

सुरंगी
@मेडिकलवाला दादा तुमचे आभार. वहिनींनी खरंच खिडकीत ठेवलीय बाटली!

नारळीपाक
कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे सासऱ्यांची खाज थायरॉईडची म्हणून किती दिवस काढली, मग मला सुटली, मग मुलांना, बोटांच्या बेचक्यात आणि रात्री जास्त. खरूज होती. एकाला औषध लावून उपयोग नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून खाली अंगभर मलम लावायचं, आठवड्याने परत, चादरी कपडे गरम पाण्यात. आणि श्रावणात कपडे वाळवायचे कुठे! वळईखाली दोऱ्या, चुलीवर मांडव, इस्त्री फिरवून फिरवून हात दुखले. पण गेली.
दुसरं, जांघेत काखेत गोल चट्टे असतील तर ते गजकर्ण, आपल्या घामट हवेत असतंच. त्यावर मेडिकलमधून आणलेलं ते स्टेरॉईड मिसळलेलं मलम अजिबात लावू नका, आधी छान वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. नणंदेचं बघितलंय. थायरॉईड असला म्हणून बाकीचे आजार थांबत नाहीत.

मेडिकलवाला
@नारळीपाक शंभर टक्के. मी ते मलम चिठ्ठीशिवाय देत नाही, लोक रागावतात

कर्ली काठ
सासऱ्यांका नमस्कार. साखर पण तपासा हां, आमच्या शेजारच्या आज्यांची खाज साखरेची निघाली.

सुरंगी
अपडेट. वहिनींना घेऊन गेले होते. डॉक्टरांनी सगळं नीट बघितलं. खाज गोळी चालू झाल्यावरच आली, चट्टे येतात जातात, घरात दुसऱ्या कुणाला नाही, बोटांमध्ये नाही. गोळी पूर्ण बंद ठेवू नका म्हणाले, 14 टीएसएच अंगावर काढायचा नाही. दुसऱ्या कंपनीची बिनरंगाची दिलीय आणि सोबत अ‍ॅलर्जीची. फरक एका दिवसात दिसणार नाही असं सांगितलंय, दोन आठवड्यांनी बोलावलंय. घरच्यांसमोरच त्यांनी सांगितलं की उष्ण पडली वगैरे काही नाही, ते फार बरं झालं, कारण बाईने एकटीने सांगितलेलं घरात कोण ऐकतं. वहिनी इतक्या दिवसांनी मोकळ्या हसल्या.
@आगळ कोकमतेल कुठलं घेतेस? इथे बाजारात मिळालं ते पिवळट आणि वास येणारं होतं.

आगळ
@सुरंगी बाजारचं नको गं. आमच्या मामी बिया वाळवून कुटून उकळून काढतात, पांढरट घट्ट गोळे होतात. वासच नसतो. राजापूरला येणारेस का गणपतीत? दोन गोळे ठेवते, एक वहिनींना. पण ते भेगांना लाव, गांधींवर नको.

खाडीपलीकडे
मला पण एक ठेव 🙏 आणि एक शेवटचं विचारते, टीएसएच करायला जाताना सकाळची गोळी घेऊन जायचं की न घेता? आमच्या लॅबवाला दर वेळी वेगळं सांगतो

पाऊसवेडी
@खाडीपलीकडे मी सॅम्पल देऊन मग घेते, गोळी पर्समध्ये नेते, पाण्याबरोबर तिथेच. टीएसएचला तसा फरक पडत नाही पण सोबत टी फोर (रक्तातला थायरॉईडचा हार्मोन) करत असतील तर आधी घेतलेल्या गोळीने तो वाढलेला दिसतो. आणि घेतल्यावर चहाला निदान अर्धा तास थांब, कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तासांनी.