दुर्गादेवीच्या दुष्काळात कोळसा कोण जाळत होतं?

वाडीवाला:
यंदा हापूसला पुन्हा मोहोर फुटला आणि आधीची वाटाण्याएवढी कैरी गळून गेली. कृषी सहायकाला विचारलं, तर म्हणे, "हवामान बदल. माणसानेच केलेला." हल्ली कशालाही हेच उत्तर! सहाशे वर्षांपूर्वीचा दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षं चालला म्हणतात. तेव्हा ना कारखाने, ना गाड्या. निसर्गाचं चक्र आहे ते, फिरणारच.

निवृत्त मास्तर:
वीज पडून गवताच्या गंजी पूर्वीही जळायच्या. म्हणून आजची गंजी कुणी पेटवलीच नाही असं ठरत नाही. त्यातून रॉकेलचा वास येत असेल तर नाहीच नाही.
आणि हवेला तो वास आहे. कोळसा, तेल कोट्यवधी वर्षं गाडलेलं, त्यातला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा काळाबरोबर विरत जाणारा किरणोत्सारी प्रकार, केव्हाच संपलेला. हान्स स्यूस या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात झाडांच्या वाढवलयांत पाहिलं, तर अलीकडच्या वलयांत कार्बन-१४ कमी. म्हणजे हवेत भर पडली ती जुन्या कार्बनची. कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड २८० भाग होता. १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर मोजायला लागले तेव्हा ३१५. आता ४२० च्या वर.

पैठणकर_७२:
मास्तर, ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसतो. ते कसं विसरलात? आणि सूर्य?

निवृत्त मास्तर:
बरोबर पकडलंत. पण जगातले सगळे ज्वालामुखी मिळून माणसाच्या एक टक्काही कार्बन डायऑक्साइड सोडत नाहीत. शिवाय हवेतल्या कार्बन-१३ चं, म्हणजे वनस्पती कमी घेतात त्या जड कार्बनचं, प्रमाणही उतरतंय, ती खूण वनस्पतींपासून झालेल्या इंधनाची. सूर्याचं म्हणाल तर १९७८ पासून उपग्रह मोजताहेत, चढ नाही. सूर्याने तापवलं असतं तर स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो उलट गार होतोय.

अलकाताई:
हे सगळं मान्य. पण साठलेल्या धुरातला जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. "माणसाने केलं" म्हणताना कुठल्या माणसाने, हेही बोला की.

पैठणकर_७२:
ताई, आपलं चंद्रपूरचं वीज केंद्र २९२० मेगावॅटचं आहे, तेही कोळशावर. ते बंद केलं तर माझा कृषिपंप तुम्ही चालवणार का?

वाडीवाला:
माझी कैरी राहिली बाजूला.

निवृत्त मास्तर:
कैरीबद्दल तुमच्या कृषी सहायकाने घाई केली. थंडी लांबली की पुनर्मोहोर येतो, हे जुनंच दुखणं. एका हंगामावरून हवामान बदल सिद्ध होत नाही, तसाच एका दुष्काळावरून खोटाही ठरत नाही. अरबी समुद्र तापतोय हे मात्र मोजलेलं आहे.

वाडीवाला:
म्हणजे त्याचंही चुकलं नि माझंही. बरं. आता फळपीक विम्याचं कुणी सांगेल का? विम्यासाठी थंडी मोजणारं यंत्र डोंगरापलीकडे आहे, आणि त्यांच्या कागदावर माझ्या बागेत थंडी पडलीच नाही.