'उत्क्रांती'मधल्या 'उत्'चं काय करायचं?

हा शब्द मला बरेच दिवस खटकतोय. उत् म्हणजे वर, क्रम् म्हणजे पाऊल टाकणं, त्यामुळे शब्द ऐकला की डोळ्यापुढे जिनाच येतो, खाली जंतू मग मासा मग माकड आणि सगळ्यात वर आपण. तसं झालेलंच नाहीये! मेक्सिकोतल्या अंधाऱ्या गुहांमधले मासे घ्या, त्याच जातीच्या बाहेर नदीत राहणाऱ्यांना चांगले डोळे आहेत, गुहेतल्यांना नाहीत, त्यांच्या गर्भात डोळा बनायला लागतो आणि मग विरून जातो. हे वर जाणं की खाली? हिंदीतला 'क्रमविकास' घेतला तर?

– तो नको, 'विकास'मध्ये प्रगती आणखीच ठासून भरलीय. आणि उत् म्हणजे 'बाहेर'पण, संस्कृतात प्राण शरीरातून निघतो त्यालाही उत्क्रमण म्हणतात. इव्होल्यूशनचं तरी काय, मूळ लॅटिन अर्थ गुंडाळी उलगडणं, जणू आत सगळं आधीच लिहून ठेवलंय. डार्विनने 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या पुस्तकाच्या १८५९च्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हे नाम वापरलंच नाही, पुस्तकाचा अगदी शेवटचा शब्द ('इव्हॉल्व्ह्ड') तेवढा त्या धातूचा आहे, नाम आलं १८७२च्या सहाव्या आवृत्तीत.

– मला विचाराल तर घोटाळा 'उत्'पेक्षा 'साठी'मध्ये जास्त आहे. 'अँटिबायोटिकला तोंड देण्यासाठी बॅक्टेरिया बदलले' असं आपण सर्रास लिहितो, म्हणजे बॅक्टेरियांनी ठरवून केलं असं वाटतं. एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या जनुकशास्त्रज्ञ जोडप्याने १९५२मध्ये याचीच तपासणी केली, एका बशीत वाढलेल्या बॅक्टेरियांच्या वसाहतींचा मखमलीवर ठसा घेतला आणि तो औषध घातलेल्या बशीवर उमटवला. ज्या थोड्या वसाहती तिथे जगल्या त्यांच्या जागा बघून मूळ बशीतले त्यांचे भाऊबंद शोधले, तर औषधाचा थेंबही न लागलेले ते भाऊबंदसुद्धा औषधाला दाद देत नव्हते. म्हणजे फरक आधीच होता, औषधाने फक्त निवड केली. म्हणून वाक्य असं हवं, 'औषधाला न मरणारे काही आधीपासून होते, तेच उरले आणि वाढले'. लांब होतं, होऊ दे.

– पटलं. मग 'गुहेत राहण्यासाठी माशांनी डोळे गमावले' हेही चुकीचंच की, आणि मी स्वतः तसंच लिहीत आलोय. 'उत्क्रांती' राहू दे, पण 'उत्क्रांतिवाद' नको, वाद म्हटलं की नुसतं मत वाटतं. त्यापेक्षा 'सिद्धांत' बरा, त्यात 'सिद्ध' तरी आहे.