अंगावर येणारा कोंबडा: कापायचा की सुधारायचा?

किरकटवाडीची सून
घरात दोन गट पडलेत म्हणून विचारतेय. सिंहगड रोडला आमचं बैठं घर, मागे थोडी मोकळी जागा. जानेवारीत सासऱ्यांनी आठ गावरान पिल्लं आणली, सात तलंगा निघाल्या आणि एक हा. ह्याला लहानपणी मांजरानं धरलं होतं म्हणून महिनाभर घरातच खोक्यात बल्ब लावून वाढवला, माझी लेक (वय ४) त्याला मांडीवर घेऊन टीव्ही बघायची. नाव सरपंच. मे महिन्यापासून अंगावर येतोय, आधी फक्त माझ्या, तेही पाठ फिरवली की. परवा लेक खुराड्यापाशी अंडं बघायला गेली तर उडून थेट तोंडावर, डोळ्याच्या खाली बोटभर ओरखडा. डॉक्टरांनी लसीचं कार्ड बघितलं, धनुर्वाताचे डोस झालेत म्हणाले, जखम धुवून मलम दिलं. सासरे म्हणतात कोंबडा असाच असतो, राखण करतो. मी म्हणते आजच्या आज घालवा. नवरा नेहमीप्रमाणे ऑफिसात.

आखाडवाला
यात विचारायचं काय वहिनी? आखाड तोंडावर आलाय, कोंबडा सहा महिन्यांचा म्हणजे ऐन कोवळा, वर्षभर ठेवलात तर चिवट होईल आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत बसाल. आमच्या मुळशीत माणसावर येणारा कोंबडा दिवाळी बघत नाही. आजोबांचा नियम होता, एकदा पोरावर आला की विषय संपला, आणि त्याच्या खालची अंडी पण उबवायची नाहीत कारण बापाचा स्वभाव पिल्लांत उतरतो.

वाघोलीकर_अंडेवाली
सगळ्या गोष्टीचं उत्तर रस्सा नसतं हो. लेकीचं ऐकून खरंच वाईट वाटलं, पण हा कोंबडा तुम्हीच असा केलाय, रागावू नका. खोक्यात माणसांत वाढला, म्हणजे त्याला माणसाची भीतीच नाही, तुम्ही त्याच्या हिशोबात कळपातलेच. आता वयात आला तर सत्ता कोणाची ते ठरवतोय. एक पंख खाली सोडून तिरका तिरका चालत येतो ना? ती नोटीस असते, आणि आपण तिथे घाबरून मागे सरकलो की तो जिंकला.
माझ्याकडचा तर ह्याच्यापेक्षा बेकार होता, दूधवाला गेटवरच पिशवी टाकून पळायचा. मी काय केलं, तो आला की जागेवर उभी राहायची, मग त्याच्याच दिशेनं शांतपणे चालायचं तो बाजूला होईपर्यंत. लाथ अजिबात नाही, लाथ म्हणजे त्याच्या भाषेत कुस्ती मान्य. आणि रात्री अंधार पडला की दांडीवरून अलगद उचलायचा, अंधारात त्यांना फारसं दिसत नाही त्यामुळे गरीब होतात, काखेत धरून दहा मिनिटं अंगणात फिरायचं. तीन आठवडे लागले. आता माझ्या पायाशी येऊन दाणे टिपतो.

आखाडवाला
तीन आठवडे कोंबडा कडेवर घेऊन फिरायचं? आणि पोरीला कोण घेणार तोवर? तुम्ही मोठ्या बाई, तुम्ही जागेवर उभ्या राहिलात. चार वर्षांचं पोर पळणारच, आणि पळणाऱ्याच्याच मागे लागतो तो.

पत्र्याची_शेड
सासऱ्यांचा मुद्दा बरोबर वाटतो, कोंबडा काढला तर अंडी कशी मिळणार?

वाघोलीकर_अंडेवाली
अहो अंड्याला कोंबडा लागत नाही, पिल्लांना लागतो! दुकानातली पांढरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा बघितलेला नसतो.

बाणेर_तिसरा_मजला
मला आधी हे सांगा की पहाटे चारला ओरडतो त्याचं काय. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे. आमच्या शेजारच्या बंगल्यात एक आहे, त्यांना म्हटलं पोतं टाकून अंधार करा, केला, तरी चारला सुरू. मग वाचलं की जपानमध्ये नागोया विद्यापीठात २०१३ साली ह्यावर संशोधन झालंय, बांग त्याच्या अंगातल्या घड्याळावर चालते, उजेड दिसो न दिसो.

पत्र्याची_शेड
दादा इथे पोरीच्या डोळ्याचं चाललंय, तुमच्या झोपेचा वेगळा धागा काढा.

शिरवळचा_विद्यार्थी
पशुवैद्यकीयला शिकतोय, दोन्ही बाजूंना थोडं थोडं बोलणार आहे, शिव्या चालतील. आधी कोंबडा धरून पंखाखाली आणि शेपटीखाली पिसं उलटी करून बघा, पिसवा-गोचीड असतील तर जीव हैराण होऊन पण चिडतो. कोंबड्यांच्या पाठी बघा, पिसं गेली असतील तर तो त्यांनाही जास्त त्रास देतोय. एकाला आठ-दहा माद्या चालतात, सात काही कमी नाहीत, प्रश्न तो नाही. पायामागचा काटा आत्ता केवढा आहे? तो मुळापासून कापू नका, आत हाड आणि रक्त असतं, फक्त टोक कानशीनं बोथट करायचं.
वाघोलीच्या ताईंनी सांगितलेलं मोठ्या माणसांसाठी बऱ्याचदा चालतं. पण लेकीच्या डोळ्याची उंची आणि त्याच्या उडीची उंची एकच आहे, आणि ह्या बाबतीत मी आखाडवाल्यांच्या बाजूचा. ९० टक्के सुधारला तरी उरलेल्या १० साठी तिला तिथे सोडणार का? निदान मधे जाळी हवीच.
अजून एक, "चांगल्या घरी देऊ" ह्यावर विसंबू नका. तापट कोंबडा कौतुकानं मागणारे बरेचदा झुंजीसाठी मागतात, आणि झुंज लावणं १९६०च्या प्राणी क्रूरता कायद्यानं गुन्हा आहे. आणि सिंहगडाच्या पायथ्याला किंवा देवळात सोडून येणं म्हणजे कुत्र्यांच्या तोंडी देणं. त्यापेक्षा घरी नीट कापलेला बरा.

वाघोलीकर_अंडेवाली
जाळी पटली. कापणं अजून पटलेलं नाही.

किरकटवाडीची सून
सगळ्यांना धन्यवाद. काटा हरभऱ्याएवढाच आहे, ओरखडा नखांचा होता. पिसवा सापडल्या नाहीत, पण दोन तलंगांच्या पाठी उघड्या पडल्यात, ते मी बघितलंच नव्हतं. रेबीजचं आजेसासूबाईंनी दहा वेळा विचारलं, डॉक्टर म्हणाले तो रोग सस्तन प्राण्यांचा, कोंबड्यापासून होत नाही.
राखणीचं म्हणाल तर गेल्या आठवड्यात घार आली तेव्हा तो खरंच ओरडला आणि सगळ्या जास्वंदीखाली घुसल्या, म्हणून सासऱ्यांचं मन होत नाही. काल शेवटी तोडगा निघाला, मागच्या अर्ध्या जागेला जाळी मारली, सरपंच आत, बाहेरून कडी, लेक बाहेर. खुराड्याचं दार फक्त मोठ्यांनी उघडायचं. आणि रात्रीची काखेत धरायची ड्युटी सासऱ्यांची, मुदत आखाड संपेपर्यंत.
पहिल्या रात्री काखेत अगदी झोपला होता, सासरे मला मुद्दाम उठवून दाखवायला आले. आज सकाळी पाणी ठेवायला वाकले तर त्यांच्याच मनगटावर आला.

आखाडवाला
मसाला कोणता वापरता?

वाघोलीकर_अंडेवाली
थांबा हो जरा! दुसरा दिवस आहे. वहिनी, सासऱ्यांना सांगा पाणी ठेवताना वाकायचं नाही, भांडं तारेनं कमरेच्या उंचीवर टांगा... नाही, तो पिणार कसा. जाळीच्या बाहेरून पाइपनं भरता येईल असं ठेवा.

किरकटवाडीची सून
पाइपचं करते. सासरे मनगटाला हळद लावून बसलेत, म्हणतायत चूक माझीच, मी पाठ केली.